पैसे पाठविताना शाखेचा संकेतांक
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान)



"बँकेविषयी चार शब्द सांगा," अशी अध्यक्षसाहेबांची आज्ञा झाली. बँक हा विषय मोठा. त्यात कर्जे आली, ठेवी आल्या, व्याज आले. व्याजाविषयी आपल्यात जी मते आहेत तीही मला ठाऊक आहेत आणि त्या वादात मी आज शिरणार नाही. मी फार लहान विषय निवडला आहे. आपल्या प्रत्येकाच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर, नाव-पत्त्याच्या आसपास, अकरा अक्षरांची एक ओळ छापलेली असते. तिला आय.एफ.एस. कोड म्हणतात. आपण तिला शाखेचा संकेतांक म्हणू. या अकरा अक्षरांवर मी बोलणार आहे.

हाच विषय का, असे कोणी विचारील. आपल्या घरांकडे पाहा. थोरला भाऊ भिवंडीला मागावर, धाकटा पुण्यात वसतिगृहात, वालिद ट्रकवर नाहीतर मुंबईच्या बेकरीत, आणि अम्मी पाथर्डीला किंवा जामखेडला. कुटुंब एक, पण ते चार ठिकाणी विखुरलेले. दर महिन्याला कोणी ना कोणी कोणाला तरी पैसे पाठवीत असतो. जून-जुलैत तर प्रवेशाची फी, वसतिगृहाची अनामत, पुस्तके असे सगळे एकदम येते. या पैशात घरातल्या बाईने सोडवून आणलेली किंवा गहाण टाकलेली बांगडी असते, हे मी काउंटरच्या आतून पुष्कळदा पाहिले आहे. ते पैसे चुकीच्या खात्यात गेले तर एका मुलाचे किंवा मुलीचे वर्ष जाते. मुलीचे असेल तर पुष्कळदा शिक्षणच थांबते. म्हणून हा विषय.

पैसे दूर पाठविण्याची गरज नवी नाही. आपल्याकडे पूर्वी हुंडी होती. तिचे प्रकार होते आणि त्या प्रकारांत मोठे शहाणपण होते. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्याला द्यावयाचे. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या 'शाह' माणसालाच द्यावयाचे. म्हणजे हुंडी वाटेत चोरीस गेली तरी चोराला ती वटविता येणे अवघड, कारण पेढीवर त्याला शाह म्हणून कोण ओळखणार? 'हवाला' हा अरबी शब्दही मुळात एकाचे देणे दुसऱ्यावर सोपविणे अशाच अर्थाचा आहे. तो पुढे बदनाम झाला ही वेगळी गोष्ट. सांगावयाचे ते इतकेच की पैसे पाठविण्याच्या प्रत्येक रीतीत दोन प्रश्न असतात. पैसे कोठे पोचवावयाचे, आणि घेणारा तोच माणूस आहे हे कशावरून? पुढचे सगळे बोलणे या दोन प्रश्नांभोवती आहे.

हुंडी व्यापाऱ्यांची. गरिबाची म्हणाल तर मनीऑर्डर. १८८० साली टपाल खात्याने ती आपल्या हाती घेतली, आणि मुंबईच्या गिरण्यांतून देशावर व कोकणात तिच्या आधारावर किती चुली पेटल्या याची गणती नाही. पोस्टमन दारात येई, नाव विचारी, अंगठा घेई, साक्षीदाराची सही घेई. फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर असे, तोही वाचून दाखवी. 'घेणारा तोच' याची खात्री पोस्टमनला होती, कारण तो साऱ्या गावाला ओळखत होता. मात्र ती महाग होती. २० रुपयांमागे १ रुपया कमिशन. ५,००० रुपये पाठवावयाचे तर २५० रुपये त्यातच जात. ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ च्या एप्रिलपासून बंद झाली. आज तेच ५,००० रुपये बँकेच्या शाखेत जाऊन एन.ई.एफ.टी.ने पाठविले तर जास्तीत जास्त अडीच रुपये व त्यावरील कर. बचत खात्यातून ऑनलाइन पाठविले तर जानेवारी २०२० पासून बँकेला काहीही आकारता येत नाही.

स्वस्ताई झाली खरी, पण पोस्टमन गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता संकेतांकाकडे येतो. त्याआधी आपल्या सर्वांच्या माहितीचा दुसरा एक संकेतांक आठवा, तो म्हणजे पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी व पंडित. त्यांच्यापुढे अडचण अशी की देशात एकाच नावाची गावे अनेक, लिहिणाऱ्यांच्या लिप्या अनेक, आणि अक्षर तर देवाघरचे. नावावर विसंबून पत्र नेमके पोचेना, म्हणून सहा आकडे दिले. आपल्या शहराचा ४१४००१ हा पिन त्यातलाच.

बँकांपुढेही पुढे हीच अडचण आली. आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणे घ्या. आपले एक कर्जत आहे आणि रायगड जिल्ह्यात दुसरे कर्जत आहे. दोन्ही तालुक्याची ठिकाणे, दोन्हीकडे बँका. आपले श्रीरामपूर आहे, तसे बंगालमध्येही एक श्रीरामपूर आहे. आपले अकोले आणि विदर्भातले अकोला यांत एका मात्रेचा फरक, आणि इंग्रजीत लिहिताना घाईत तोही पुसला जातो. अहमदनगर आणि अहमदाबाद यांची गफलत करणारे कारकून मी स्वतः पाहिले आहेत. २०२४ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. काही कागदांवर जुने नाव, काहींवर नवे. पण नाव काहीही लिहा, यंत्र नाव वाचतच नाही. ते कोड वाचते.

या कोडची रचना एकदा समजून घेतली की तो पाठ करण्याची जरूर राहत नाही. अकरा खाने आहेत. पहिले चार खाने बँकेचे, आणि त्यांत नेहमी इंग्रजी अक्षरेच असतात. स्टेट बँक असेल तर एस-बी-आय-एन. बँक ऑफ महाराष्ट्र असेल तर एम-ए-एच-बी. सेंट्रल बँक सी-बी-आय-एन, बडोदा बी-ए-आर-बी, पंजाब नॅशनल पी-यू-एन-बी. ॲक्सिस बँकेची अक्षरे यू-टी-आय-बी अशी आहेत. कारण २००७ पर्यंत तिचे नाव यू.टी.आय. बँक होते. नाव गेले, अक्षरे राहिली. पाचव्या खान्यात शून्य. हा शून्य पुढच्या सोयीसाठी राखून ठेवला आहे आणि तो सर्व बँकांना सारखा. शेवटचे सहा खाने शाखेचे. बहुतेक बँकांत तेथे आकडे असतात, काही बँकांत अक्षरे.

यातला पाचवा खाना सर्वांत खोडकर. तेथे शून्य असते आणि लोक इंग्रजी 'ओ' लिहितात. बडोदा बँकेच्या पुष्कळ कोडांत शून्यापुढेही अक्षरेच येतात, त्यामुळे शून्याला ओ समजणे अगदी साहजिक होते. विद्यार्थ्यांनी एवढे एकच लक्षात ठेवले तरी चालेल की पाचवे अक्षर कधीच 'ओ' नसते. दुसरी खोड फोनवर होते. "बी" की "डी" की "पी", हे फोनवर देवालाही कळत नाही. भिवंडीचा भाऊ मागांच्या खडखडाटात उभा राहून कोड सांगतो आणि घरची मंडळी वहीत लिहून घेतात. तसे करू नये. पासबुकाच्या पानाचा किंवा रद्द केलेल्या चेकचा फोटो मागवावा. फोनवर सांगणे भागच असेल तर 'बी बॉम्बेचा, पी पुण्याचा' असे म्हणावे. जुने तारमास्तर असेच करीत.

चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर आणखी एक नऊ आकडी क्रमांक असतो. तो एम.आय.सी.आर. कोड. त्याचे पहिले तीन आकडे शहराचे आणि ते पिन कोडशी जुळणारे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. तो चेक वटविण्यासाठी आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात पुष्कळ मुले हा नऊ आकडी क्रमांक अकरा अक्षरांच्या खान्यात भरतात आणि अर्ज अडकतो. तिसरा एक स्विफ्ट कोड असतो, तो परदेशातून पैसे येण्यासाठी. ज्यांचे नातेवाईक आखातात आहेत त्यांना तो लागतो. आपला आजचा विषय देशातल्या देशात पैसे पाठविण्याचा असल्यामुळे तो येथेच सोडतो.

एकाच शहरात एकाच बँकेच्या अनेक शाखा असतात आणि प्रत्येकीचा कोड वेगळा. सावेडीचा वेगळा, केडगावचा वेगळा, भिंगारचा वेगळा, मार्केट यार्डाचा वेगळा. "नगरचा कोड सांगा" असे लोक विचारतात, तेव्हा "कोणत्या शाखेचा?" असे आपण उलट विचारावे.

पैसे जातात कोणत्या वाटांनी, हे थोडक्यात सांगतो. एन.ई.एफ.टी. नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली. यात दर अर्ध्या तासाला एक गाडी सुटते असे समजा. दिवसाच्या ४८ गाड्या. आर.टी.जी.एस. २००४ च्या मार्चपासून आहे. ती दोन लाख व त्यावरील रकमेसाठी, आणि त्यात पैसे लागलीच जातात. तिसरी आय.एम.पी.एस., २०१० पासून. ती मोबाइलवरून तत्काळ पोचविते, मर्यादा पाच लाख. या तिन्ही वाटांवर संकेतांक चालतो. यू.पी.आय.मध्येही खाते क्रमांक व संकेतांक घालून पैसे पाठविता येतात.

यातली एक तारीख पालकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून एन.ई.एफ.टी. रात्रंदिवस, रविवारी, सणावारी चालू असते. १४ डिसेंबर २०२० पासून आर.टी.जी.एस.ही तशीच. मी हे मुद्दाम सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत एखादा मध्यस्थ म्हणतो, "चाचा, आज बँक बंद आहे, कॉलेजच्या खात्यात पैसे जाणार नाहीत, उद्या जागा जाईल, तूर्त माझ्या खात्यात टाका." पूर्वी या बोलण्यात थोडेतरी तथ्य होते. आता ते राहिलेले नाही. असे बोलणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड. दोघांच्याही हाती आपला पैसा देऊ नये.

आता मुख्य मुद्दा, आणि येथे जरा लक्ष द्यावे. अर्जावर आपण घेणाऱ्याचे नाव लिहितो, खाते क्रमांक लिहितो, संकेतांक लिहितो. बहुतेकांची समजूत अशी की नाव आणि क्रमांक जुळला नाही तर बँक पैसे थांबवील. तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या परिपत्रकानुसार अशा ऑनलाइन पाठवणीत पैसे केवळ खाते क्रमांकावरून जमा होतात. नाव जुळविणे बंधनकारक नाही, आणि क्रमांक बरोबर लिहिण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची. एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला तर पैसे त्याच्या खात्यात बिनबोभाट जमा होतात. तसा क्रमांकच अस्तित्वात नसेल तर मात्र पैसे परत येतात. एन.ई.एफ.टी.त ती गाडी सुटल्यापासून दोन तासांच्या आत परत यावेत असा नियम आहे, आणि बँकेने उशीर केला तर रेपो दरापेक्षा दोन टक्के जास्त दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे पूर्ण चुकीचा क्रमांक परवडला, पण अर्धवट बरोबर क्रमांक धोक्याचा!

मी पोस्टमन गेला म्हणालो तो याच अर्थाने. पैसे कोठे पोचवावयाचे, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर संकेतांकाने फार चोख दिले. घेणारा तोच कशावरून, हा दुसरा प्रश्न बरीच वर्षे तसाच पडून होता. अलीकडे त्यात सुधारणा झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना फर्माविले की एन.ई.एफ.टी. व आर.टी.जी.एस. करणाऱ्याला पैसे पाठविण्याआधी घेणाऱ्याचे बँकेतले नाव पाहता आले पाहिजे, आणि ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी. आपण क्रमांक व संकेतांक टाकला की पलीकडच्या बँकेच्या दप्तरातले नाव पडद्यावर उमटते. शाखेत जाऊन पैसे भरणाऱ्यालाही हे नाव विचारता येते. या सोयीला पैसे पडत नाहीत. मोबाइल हाती नसलेल्या आपल्या माता-भगिनींनी खिडकीवर न संकोचता म्हणावे, "साहेब, पाठविण्याआधी नाव वाचून दाखवा." हा उपकार नव्हे, हक्क आहे.

मात्र नाव दिसते म्हणून काम संपले असे नाही. नाव वाचले पाहिजे. महाविद्यालयाची फी भरताना पडद्यावर महाविद्यालयाचे किंवा त्याच्या संस्थेचे नाव यावयास हवे. तेथे कोण्या व्यक्तीचे नाव आले तर थांबावे.

येथेच संकेतांक आपल्या कामी येतो, आणि त्याचा हा उपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. संकेतांक हा एक साक्षीदार आहे. तो माणसाची ओळख देत नाही, पण खाते कोणत्या गावी, कोणत्या बँकेत आहे हे सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सर्व शाखांचे कोड आहेत. समजा, कोणी तुम्हाला पुण्याच्या नामांकित महाविद्यालयाच्या नावाने खाते क्रमांक पाठविला. त्यातला संकेतांक शोधून पाहिला आणि शाखा निघाली तिसऱ्याच राज्यातल्या एखाद्या गावची. मग विचारावे की पुण्याच्या कॉलेजने तिकडे जाऊन खाते का उघडले? याला क्वचित समाधानकारक उत्तरही असू शकते, परंतु ते उत्तर मिळेपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राहू द्यावेत. उत्तर विचारण्यासाठी ज्याने क्रमांक पाठविला त्यालाच फोन करू नये. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातला क्रमांक घ्यावा, किंवा कोणी पुण्यात असेल तर त्याला प्रत्यक्ष पाठवावे. आपल्या समाजात पुण्यात कोणीच नाही असे घर शोधून सापडणार नाही!

काही जण सांगतात, आधी एक रुपया पाठवून पाहावा. चांगली सवय आहे. भावाच्या खात्यात रुपया पोचला आणि त्याने तसे कळविले म्हणजे क्रमांक बरोबर ठरला. पण ठकाला पाठविलेला रुपयाही ठकाला बरोबर पोचतो! एक रुपयाने क्रमांकाची परीक्षा होते, माणसाची होत नाही.

कोड शोधताना सुद्धा सावधगिरी हवी. नेटवर 'कोड शोधा' म्हणणारी खाजगी पाने पुष्कळ आहेत. काहींवर जुने कोड तसेच पडलेले असतात आणि शेजारी भलतेच फोन क्रमांक असतात. बँकेचे म्हणून दिलेल्या अशा क्रमांकावर फोन करून लोक फसले आहेत. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना त्यांच्या संकेतस्थळांचे पत्ते 'बँक डॉट इन' या शेवटाचे करावयास सांगितले व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तेव्हा पत्त्याचा शेवट पाहावा. सर्वांत सोपे म्हणजे पासबुक. तेथे छापलेल्यावर विश्वास ठेवावा, बशर्ते की ते पासबुक ताजे असावे.

ताजे असावे असे का म्हणतो? कारण बँकाच बदलल्या. १ एप्रिल २०१९ रोजी देना व विजया या बँका बडोद्यात मिळाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्र व कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल व युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. त्यांचे जुने कोड काही काळ चालू ठेवले व २०२१ मध्ये ते बंद झाले. देना बँकेचे मार्चपासून, सिंडिकेटचे जुलैपासून. खातेदाराचे पैसे सुरक्षित राहिले, पण कपाटात जपून ठेवलेल्या पासबुकावरचा कोड मेला. त्या कोडवर पैसे पाठविले तर ते परत येतात. पुष्कळ घरांत मुलांच्या शाळेच्या दप्तरात आजही तोच जुना कोड लिहिलेला असेल. पालकांनी तो तपासून घ्यावा आणि पासबुक नवे करून घ्यावे.

आपला जिल्हा सहकाराचा. येथे सहकारी बँका आणि पतसंस्था गल्लोगल्ली. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या पाहिजेत. लहान सहकारी बँका स्वतः या यंत्रणेच्या सभासद नसतात. त्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत आत येतात. त्यामुळे त्यांच्या संकेतांकाची पहिली चार अक्षरे मोठ्या बँकेची दिसतात. खाते आपले गावच्या सहकारी बँकेत आणि कोडवर भलत्याच बँकेचे नाव, हे पाहून घाबरू नये. तेथे ती तऱ्हाच आहे. फक्त तो कोड आपल्या शाखेतून लिहून घ्यावा, अंदाजाने भरू नये. दुसरे म्हणजे पतसंस्था ही बँक नव्हे. तिला स्वतःचा संकेतांक नसतो. पतसंस्थेतल्या खात्याचा क्रमांक शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहून उपयोग नाही.

आणि कोड आहे म्हणजे बँक भक्कम आहे असाही अर्थ नाही, हे आपल्या शहराला शिकविण्याची जरूर नाही. १९१० साली स्थापन झालेली नगर अर्बन बँक शंभर वर्षांहून अधिक चालली. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते. त्यावर ज्यांच्या ठेवी होत्या त्यांचे हाल येथे बसलेल्यांपैकी काहींनी जवळून पाहिले असतील. मुलांच्या शिक्षणाचा सारा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये, एवढेच या निमित्ताने म्हणतो.

विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीबद्दल एक गैरसमज दूर करावयाचा आहे. सरकारी शिष्यवृत्त्या हल्ली पुष्कळदा आधार क्रमांकाच्या वाटेने खात्यात येतात. त्या वाटेवर संकेतांकाचे काम नसते. तुमचा आधार क्रमांक ज्या खात्याशी शेवटी जोडला गेला, तेथे पैसे जातात, मग अर्जात तुम्ही कोणतेही खाते लिहिलेले असो. "अर्जात खाते स्टेट बँकेचे लिहिले आणि पैसे आलेच नाहीत," अशी तक्रार घेऊन मुली येतात. नंतर कळते की मोबाइलचे सिम घेताना कोणीतरी दुसरेच खाते उघडून दिले होते, आणि पैसे तेथे जाऊन निवांत बसले आहेत. आपला आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे हे आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत विचारून घ्यावे. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे असावे, आणि पासबुक घरात असावे. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यात नको.

इतके करूनही पैसे चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेले तर? रडत बसू नये. तत्काळ आपल्या बँकेत लेखी कळवावे. प्रत्येक पाठवणीला एक यू.टी.आर. क्रमांक मिळतो, तो अर्जात लिहावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आपली बँक पलीकडच्या बँकेला कळविते. मात्र त्या खातेदाराच्या संमतीवाचून त्याच्या खात्यातून पैसे काढून देणे बँकेला शक्य नसते, हे समजून घ्यावे आणि काउंटरवरच्या मुलाशी भांडू नये. तो खातेदार नाकबूल झाला तर कायदा आपल्या बाजूने आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते की चुकून मिळालेला पैसा परत केला पाहिजे. उलट, आपल्या खात्यात अनोळखी रक्कम आली तर ती ईद मुबारक समजून खर्च करू नये. बँकेत जाऊन सांगावे, आणि परत करावयाची तर बँकेमार्फतच करावी. "चुकून आले, या नंबरवर परत पाठवा" असा फोन आला तरी परस्पर पाठवू नये, कारण फसवणुकीचा तोही एक प्रकार आहे.

फसवणूकच झाली असेल तर वेळ घालवू नये. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक त्यासाठी आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याआधी तो वाटेत अडविणे हे तेथले काम. पहिल्या तासात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शरमेने गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, विशेषतः शिकलेले. अशिक्षित माणूस निदान शेजाऱ्याला तरी सांगतो.

शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांसाठी, आणि तो सर्वांत गंभीर आहे. फसवणुकीचा पैसा जातो कोठे? त्याला कोणाचे तरी खाते लागते. ठक स्वतःचे खाते वापरीत नाही. तो महाविद्यालयीन मुलाला गाठतो. म्हणतो, "तुझे खाते दोन महिने वापरावयास दे, पासबुक, कार्ड आणि सिम दे, तुला पाच हजार मिळतील." मुलाला वाटते, माझ्या खात्यात तसेही काही नाही, माझे काय जाते? जाते ते असे. कोण्या दूरच्या विधवेचे लाखो रुपये त्या खात्यातून फिरतात. पोलीस संकेतांकावरून शाखेत येतात, शाखेतून नाव-पत्ता घेतात, आणि तपास थेट या मुलाच्या घरी पोचतो. ठक कोठल्या कोठे असतो. खाते गोठते, शिष्यवृत्ती त्यातच अडकते, पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला अडतो. 'मला ठाऊक नव्हते' हे म्हणणे तेथे फारसे चालत नाही, कारण पाच हजार घेतलेले असतात. मघाशी मी म्हटले की संकेतांक खोटे न बोलणारा साक्षीदार आहे. या मुलाच्या बाबतीतही तो तितकाच खरे बोलतो. तेव्हा मित्र असो, मामेभाऊ असो की क्लासचा सर असो, आपले खाते कोणाला वापरावयास देऊ नका. आणि पालकहो, आपल्या मुलाच्या खात्यात काय येते-जाते ते महिन्यातून एकदा पासबुक भरून आणून पाहत जा.

अध्यक्षसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले आहे, म्हणून थांबतो. ज्यांनी आज पासबुके बरोबर आणली आहेत त्यांच्यासाठी सभेनंतर ग्रंथालयात दोन शिक्षक बसणार आहेत. जुन्या बँकेचे पासबुक असेल, कोड पुसट झाला असेल किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जातला कोड पडताळून पाहावयाचा असेल तर तेथे दाखवावे. मीही असेन. पासबुक दाखवा, मात्र कार्डाचा पिन किंवा फोनवर आलेला आकडा आम्हालाही सांगू नका.